शिकाऊ उमेदवाराचं नाव

लालबाग, मुंबई
नागपंचमीचा दुसरा दिवस

सौ. मीरावन्संना,

तुमच्या एकुलत्या एका भावजयीचा, म्हणजे मंजुळेचा, पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (ठेवलंय असं समजा. आमच्या खोलीत एकाने वाकायचं म्हणजे दुसऱ्याला गॅलरीत जाऊन उभं राहावं लागतं.) तुमचे गुडघे कसे आहेत? मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मुंबईत आला होतात तेव्हा मी दिलेलं तेल लावता, की शेजारणीला वाटून टाकलंत? भावोजींचा खोकला थांबला का? म्हैस व्याली का? रेडा झाला की पारडी? आम्ही इथे सगळे खुशाल आहोत. पाणी पहाटे येतं आणि आम्ही भांडायच्या आधीच जातं, एवढंच.

तुमचं पत्र पोचलं. त्यात तुम्ही लिहिलंय की काजूच्या बागेवर राखणीला माणूस हवा आहे, तेव्हा 'आमच्या बाळाला', म्हणजे ह्यांना, गणपतीआधी तुमच्या वाडीतल्या कोंडीरामबरोबर कायमचं गावी पाठवून दे, मुंबईत आता त्याचं काय राहिलंय. त्याचं उत्तर मी शेवटी लिहिणार आहे. आधी इथे काय काय घडलं ते सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय तुम्ही मलाच शिव्या घालाल. सांगितल्यावरही घालाल, पण निदान पोटभर माहितीवर घालाल.

संप झाला, त्यानंतर मिलच्या दाराला कुलूप लागलं, हे तुम्हाला ठाऊक आहे. पुढचं मी तुम्हाला कधी नीट लिहिलं नाही. भोंगा बंद झाला, पण ह्यांचं उठणं बंद झालं नाही. भोंग्याच्या वेळेला उठायचे, आंघोळ करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि गॅलरीत स्टुलावर बसून मिलच्या चिमणीकडे बघत राहायचे. चिमणीतून धूर येत नाही हे शेंबड्या पोराला दिसत होतं, ह्यांना दिसत नव्हतं असं नाही, पण बसायचे. मध्ये भाजीची गाडी लावून बघितली. तुमचा भाऊ ओरडणार नाही. गाडी भरून मेथी घेऊन नाक्यावर मुकाट उभा. कुणी विचारलं तर जुडी द्यायचे आणि वर कोथिंबीर, नाही विचारलं तर नाही. आठवडाभर आम्ही तीच मेथी खाल्ली. वॉचमनची नोकरी लागली तीही गेली, कारण रात्री चोर नाही आला, मालकच आला, आणि ह्यांनी त्याला आत सोडला नाही. हसू नका. मीही हसले नव्हते तेव्हा. माणूस असून घरात नसल्यासारखा झाला होता, वन्सं. जेवताना सुद्धा 'वाढ' म्हणायचे नाहीत, ताट पुढे सरकवायचे.

मग आमच्या चाळीच्या तळमजल्यावरचे नाना पेपर घेऊन आले. (नाना म्हणजे ते रिटायर क्लार्क, चाळीतल्या सगळ्यांचे अर्ज लिहितात आणि बदल्यात चहा पितात.) सरकारने म्हणे नवीन योजना काढली होती. छोट्या दुकानदाराने कुणाला हाताखाली घेऊन धंदा शिकवला, तर त्या शिकाऊ उमेदवाराच्या पगारातला अर्धा वाटा सरकार देणार. मिलमधून सुटलेल्यांना वयाची अट नाही. आता माझ्या बाबांचं जिन्याखालचं शिलाईचं दुकान तुम्ही पाहिलंय. बाबा गेल्यापासून मीच चालवते. पोलकी, परकर, उशांचे अभ्रे. दोन मशिनी, एक पंखा, आणि वरून कुणी जिना उतरलं की डोक्यावर धूळ. नाना म्हणाले, मंजुळाबाई, तुम्हीही छोट्या दुकानदार आहात, घ्या दोन उमेदवार. एक तर मी लगेच घेतली. शेजारच्या चाळीतली काशीबाई, मिलमध्ये वाइंडिंगला, म्हणजे सूत गुंडाळायला होती, माझ्यापेक्षा वयाने मोठी आणि तोंडाने त्याहून मोठी. आणि दुसरा उमेदवार म्हणून मी गॅलरीतल्या स्टुलाकडे बोट दाखवलं.

नानांनी अर्ज वाचला तर खाली बारीक अक्षरात नियम: मालकाच्या घरच्या माणसाला घेता येणार नाही. दुकानाच्या परवान्यावर अजून माझं माहेरचं नाव आहे, म्हणजे आडनाव जुळत नव्हतंच. 'मालकाशी नाते' ह्या रकान्यात नानांनी थोडा विचार केला आणि लिहिलं, 'शेजारी'. मी म्हटलं, नाना, हे खोटं झालं. तर म्हणाले, रोज शेजारी झोपता ना, मग खोटं कुठे आहे? (हे वाक्य भावोजींना वाचून दाखवू नका.)

झालं. तुमचा भाऊ माझा शिकाऊ उमेदवार झाला. मला वाटलं होतं नाही म्हणतील. पण सरकारी कागदावर सही करायची म्हटल्यावर दाढी करून आले. जाताना एवढंच म्हणाले, "ह्या पण जमला नाय, तर गावाक जातंय." आणि खाटेखालची ती निळी पेटी ओढून पुढे ठेवली. तेव्हापासून ती पेटी तशीच पुढे आहे. रोज केर काढताना माझ्या पायाला लागते. लागली की मी मनात म्हणते, अजून आहे, अजून गेली नाही.

पहिल्या दिवशीची गंमत सांगते. खोलीतून आम्ही दोघं एकदमच निघालो, पण जिन्यात हे थांबले. म्हणाले, तू पुढे हो. का? तर मालक आधी येतो, कामगार मागून. दुकान उघडलं, मी आत बसले, तरी हे फुटपाथवर उभे. मी म्हटलं या की. मग आत आले आणि मला म्हणाले, 'बाई, काय करायचं?' काशीबाईच्या तोंडातलं पान बाहेर पडलं. त्या दिवसापासून दुकानात मी 'बाई'. मिलमध्ये इतकी वर्षं जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, हाताखाली काढलेला माणूस, शिस्त हाडात गेलेली. एकदा तर घरी, सगळी चाळ नळावर असताना, खिडकीतून ओरडले, बाई, मीठ कुठे ठेवलंय? अजून मला नळावर सगळ्या जणी 'बाई' म्हणून हाक मारतात.

आता धंद्याचं. मला वाटलं होतं, जन्मभर साच्यावर कापड विणलेला माणूस, ह्याला कापडाचं काय शिकवायचं! इथेच माझी खोड मोडली. गिऱ्हाईक कापड घेऊन यायचं. हे ते उजेडात धरायचे, उलटं करायचे, सुलटं करायचे, आणि माझ्या आधी बोलायचे: इथे धागा तुटलाय, इथे वीण सैल आहे, हे कापड मी असतो तर पास केलं नसतं. कुणाचं? गिऱ्हाइकाचं! लग्नाला घालायच्या पोलक्याचं! एकीने तर कापड हिसकावून घेतलं आणि म्हणाली, माझ्या नवऱ्याने आणलंय ते. तर हे शांतपणे म्हणतात, फसवलं त्यांना. चार दिवसांत माझी गिऱ्हाइकांची तीन घरं तुटली. मी चिडले, खूप चिडले, काय वाटेल ते बोलले. पण वन्सं, खरं सांगू? कितीतरी वर्षांनी हा माणूस कशाबद्दल तरी बोलत होता. रागाने का होईना, मी ऐकत बसले होते.

पण खरी पंचाईत पुढेच होती. काशीबाई दुसऱ्या महिन्यात परकर शिवायला लागली. ह्यांनीही मशीन शिकून घेतलं, पाय तर असा चालतो की बघत राहावं. खडूने आखून द्यायचे तर रेघ अशी की पट्टी लाजेल. आणि आखून झालं की कात्री माझ्या हातात. कापायचं नाही. काही केल्या नाही. मी कात्री त्यांच्या बोटांत अडकवली, माझा हात वर ठेवला, पोराला अक्षर गिरवायला शिकवतात तसं. कात्री कापडाजवळ गेली की हात थांबायचा. मिलमध्ये कापडाला बोटभर चीर पडली तरी साहेब सगळ्या खात्यादेखत झाडायचा. अख्खा ताका धड बाहेर पाठवायचा एवढंच ह्यांनी आयुष्यभर केलं. धड कापडाला आपल्या हाताने कातर लावायची म्हणजे ह्यांना पापच वाटत होतं. एकदा दुपारी काशीबाई चहाला गेली तेव्हा म्हणाले, "कापडाक कातर लावूक माझो हात उचलणा नाय, मंजुळे." 'बाई' नाही म्हणाले, 'मंजुळे' म्हणाले. मी मशिनीत तोंड घालून रडून घेतलं आणि वर म्हटलं, तेल घालायला झालंय हिला.

आणि अशात गेल्या आठवड्यात सरकार आलं. तांडेलबाई म्हणून एक अधिकारी. वरळी कोळीवाड्यातली मुलगी, गुणवंती नाव, शिकून कचेरीत लागलेली, हातात नवीन लग्नाचा हिरवा चुडा अजून तसाच. वागायला गोड पण कामाला कडक. झालं होतं असं की पुष्कळ दुकानदारांनी नुसतीच नावं लिहून सरकारचा अर्धा वाटा खाल्ला होता, माणसं नव्हतीच. म्हणून तिने एक पद्धत काढली होती. उमेदवारांनी रांगेत गप्प उभं राहायचं आणि मालकाने एकेकाकडे बोट करून पूर्ण नाव सांगायचं. सांगता आलं नाही तर उमेदवार बोगस, नाव कट, आणि दुकान कायमचं बाद.

मी झोकात सुरुवात केली. ह्या काशीबाई. वडिलांचं नाव, आडनाव, गाव, सगळं. तांडेलबाईंनी खूण केली. मग ह्यांच्याकडे बघून म्हणाल्या, आणि हे?

वन्सं, माझ्या लक्षातच आलं नाही आधी. तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, मी कधी ह्यांचं नाव घेतलंय? तुम्हीच सांगा. तुमच्याच आईने वरात उंबऱ्यावर आली तेव्हा माझ्या कानात सांगितलं होतं, नवऱ्याचं नाव तोंडातून काढू नये, त्याचं आयुष्य कमी होतं. (नाव मी इथेही लिहीत नाहीये, तुमच्या ध्यानात आलंच असेल.) मी म्हटलं, हे... हे आपले... हे. तांडेलबाई म्हणाल्या, 'हे' कोण? मी म्हटलं, पांडव असतात ना, त्यांतले दुसरे. त्या म्हणाल्या, अर्जुन? मी म्हटलं, नाही हो, त्याच्या आधीचे, गदावाले. तोवर जिन्यावर बायका जमल्या होत्या. हे तोंड उघडायला गेले तर तांडेलबाई म्हणाल्या, तुम्ही नाही, मालकीणबाई सांगतील. आणि पेनचं टोपण काढलं. नाव कट करायला. मला ती पेटी दिसायला लागली, खाटेखालची. एसटीच्या टपावर चढवलेली.

आता नाव घ्यायची आपल्या बायकांना एकच वाट असते, ती तुम्हालाही ठाऊक आहे. मी पदर डोक्यावर घेतला, सरकारकडे पाहिलं आणि खणखणीत आवाजात म्हटलं:

सरकारच्या वहीवर निळी निळी शाई,
———रावांना शिकवते मी लावायला बाही!

(मोकळ्या जागेत तुम्ही भरून घ्या. तुमचा धाकटा भाऊ, तुम्हाला बंदी नाही.)

जिन्यावरच्या बायकांनी टाळ्या पिटल्या. काशीबाई म्हणाली, घेतलं गं बाई घेतलं! आणि मग टाळ्या अर्ध्यावरच थांबल्या, कारण तेवढ्यात सगळ्यांना कळलं मी काय करून बसले ते. उखाण्यात नाव कोण कुणाचं घेतं? सरकारसमोर, साक्षीदार ठेवून, पदर घेऊन मी जाहीर केलं होतं की हा शेजारी माझा नवरा आहे. नाना हळूच मोरीकडे निघून गेले.

तांडेलबाईंच्या हातातलं पेन खाली पडलं. हसत होती पोरगी, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. म्हणाली, मावशी, मी पण अजून घेत नाही माझ्या मिस्टरांचं, कचेरीत सगळे चिडवतात. पण मग डोळे पुसून वही उघडली आणि म्हणाली, नियम तो नियम, नवऱ्याला बायकोकडे ठेवता येत नाही.

तेव्हा हे पुढे आले. "बाईनू, माझा नाव काढून टाका. पण हिचा दुकान बाद करू नका. ह्येणा माका शिकवल्यान, माझोच हात उचलूक नाय." एवढं लांब भाषण मी ह्यांच्या तोंडून लग्नानंतर ऐकलं नव्हतं. तांडेलबाई म्हणाल्या, शिकवलं असेल तर दाखवा काहीतरी कापून, म्हणजे निदान वर लिहिता येईल की इथे खरंच काम चालतं. हे जिना चढून वर गेले. मला वाटलं, संपलं, गेले गॅलरीत. पण खाली आले ते हातात पांढरं कापड घेऊन. वन्सं, तुम्हाला आठवतं, संपाच्या आधीच्या दिवाळीला मिलच्या दुकानातून कामगारांना कापड मिळालं होतं? ते ह्यांच्याच साच्यावरचं होतं. मी सतरा वेळा म्हटलं होतं त्याचा शर्ट शिवते. देत नव्हते. त्याच निळ्या पेटीत, सगळ्यांत खाली, घडी घालून ठेवलेलं.

फळीवर पसरलं. हाताने सारखं केलं. तुम्ही ऑपरेशनच्या वेळी विसरून गेलेलं जुनं पोलकं मागून घेतलं, वर ठेवलं, आखलं. मग कात्री उचलली आणि मला म्हणाले, "बाई, कापू?" मी मान हलवली. आणि कापलं, वन्सं. करकर करकर सरळ कापत गेले. आवाज फक्त पंख्याचा आणि कात्रीचा. कापून झाल्यावर कात्री खाली ठेवून तुमचा भाऊ हसला. पहिल्यांदा. उखाण्यावर हसायचं राहिलं होतं ते सगळं तेव्हा हसला.

पुढचं तांडेलबाईंनी निस्तरलं. समोरच्या गंगाधर मंडपवाल्यांकडे चौकशी केली तर त्यांची उमेदवार चंपा त्यांचीच सख्खी वहिनी निघाली. अर्जात 'ओळखीची' लिहिलं होतं. (अक्षर नानांचंच.) तांडेलबाईंनी कपाळाला हात लावला आणि अदलाबदल करून टाकली. चंपा माझ्याकडे, हे गंगाधरकडे. कुणी कुणाचं कुणी नाही, सरकार खूश, आम्हीही खूश. मंडपाचं कापड लांबच लांब असतं, साच्यावरून उतरल्यासारखं, त्यामुळे ह्यांचा हात तिथे बरा बसलाय. गणपतीचे दिवस तोंडावर, काम उसंत घेऊ देत नाही. मी माझ्या दुकानातून समोर बघते तर मांडी घालून शिवत असतात, आणि दुसऱ्याला कापडातल्या चुका दाखवत असतात. गंगाधर ऐकून घेतो. मंडपाच्या गिऱ्हाइकाला राग येत नाही हे एक बरं आहे.

बाकी सगळं ठीक. आंब्याची साठं पोचली, पण मुंग्यांनी आमच्या आधी खाल्ली. भावोजींना नमस्कार, म्हशीला माझी आठवण सांगा. तब्येतीला जपा आणि रागावलात तरी पत्र लिहा.

तुमची,
मंजुळा

ता. क. तुमच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. कोंडीराम येऊन गेला. हे त्याला हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. त्याच्याबरोबर एक पुडकं दिलंय, ते ह्या पत्राच्या आसपास पोचेल. त्यात पोलकं आहे. त्या दिवशी कापलं ना, तेच, ह्यांनी एकट्याने पूर्ण केलं, तुमच्यासाठी. पुडकं बांधताना मला म्हणाले, "तायेक अंगाक बसला तर रवतंय, नायतर जातंय." एवढंच. पेटी अजून खाटेच्या पुढेच आहे.

ता. क. २. पोलक्याची डावी बाही बोटभर लांब आहे. तुम्ही कुणाची भीड ठेवत नाही, माझ्या स्वयंपाकाबद्दल लग्नाच्या पंगतीत उभ्या राहून बोलला होतात, ते मी विसरले नाही. मला उसवून नीट करता आलं असतं, अर्ध्या तासाचं काम. पण शेवटचा टाका घालून ह्यांनी गाठ मारली, दोरा दाताने तोडला आणि पोलकं असं उचलून धरलं होतं, की माझा हात पुढे होईना. आई शेतावर राबायची तेव्हा तुम्ही ह्यांना कडेवर घेऊन वाढवलंत, तुमचा हक्क माझ्या आधीचा आहे, मला कबूल आहे. गावी आले तर तुम्हाला तुमचा बाळ मिळेल, दोन वेळचं जेवेल, काजू राखेल. पण पुन्हा स्टुलावर बसेल, वन्सं. फक्त समोर चिमणीऐवजी झाडं असतील. म्हणून पदर पसरून मागते, जन्मात एकदा खोटं बोला. गणपतीत ते पोलकं घालून सगळ्या वाडीतून फिरा, डावा हात जरा वर धरा, आणि त्याला कार्ड टाका की अगदी मापात बसलं, आणि बागेवर माणूस मिळाला.

ता. क. ३. पोलक्याच्या आत, मानेच्या खाली बघा. शिंपी आपली चिठ्ठी लावतो तिथे मी लाल दोऱ्याने दोन अक्षरं भरली आहेत, ह्यांना न सांगता. 'भिवा'. (घ्या, इथेही लिहून गेले.) तुमच्या आईचा शब्द मोडलेला नाही, उखाण्याबाहेर तोंडाने घेतलं नाही, सुईने घेतलं. सुईने घेतलेलं चालतं ना हो?